स्वतंत्र दुजोरा

पुरावा कधी ना कधी खोटा ठरू शकतो. संशयाला ती भीती नसते. म्हणूनच टोकियोतल्या एका अभ्याससंस्थेने १९९६ साली देवदत्तला संशय घेण्याच्या नोकरीवर ठेवलं होतं. (पुण्यात असताना हेच काम तो फुकट करायचा.)

जगाला दारं लावून बसलेल्या दोन हुकूमशाही देशांमध्ये क्षेपणास्त्रांची आणि अणुतंत्रज्ञानाची चोरटी देवाणघेवाण चालते का, हे त्याने उरायासू या उपनगरातल्या घरून रोज गाडीत उभ्याने येऊन, खुर्चीत बसून ठरवायचं. त्या देशांत तो कधीच गेला नव्हता. त्यामुळे त्याचं मत अगदी निःपक्षपाती राहिलं होतं.

एकदा त्याच्या हाती एका कृषिप्रदर्शनातला फोटो लागला. दोन्ही देशांची शिष्टमंडळं एकाच पंपासमोर उभी होती आणि एकमेकांकडे बघत नव्हती. अनोळखी माणसं निदान एकदा तरी एकमेकांकडे बघतात, असा देवदत्तचा अनुभव. त्याने अहवालात लिहिलं, 'ओळख नसल्याचं इतकं सफाईदार सोंग ओळखीशिवाय वठत नाही. सहकार्य नाकारता येत नाही.' वाक्य त्याला इतकं आवडलं की घरी बायकोला, अश्लेषाला, वाचून दाखवलं. (पंप चांगला असेल, असं तिचं मत पडलं. ते अहवालात घेतलं नाही.)

पुढे सगळं रीतसर झालं. एका वर्तमानपत्राने अहवालाची बातमी केली, तेव्हा 'नाकारता येत नाही'चं 'शक्यता आहे' झालं. बातमीवरून युरोपातल्या एका संस्थेने टिपण काढलं, त्यात ती शक्यता दाट झाली. टिपण फिरत फिरत देवदत्तच्या टेबलावर आलं. आपल्या संशयाला परदेशातून दुजोरा मिळालेला पाहून त्याला भरून आलं. रविवारी चहा घेताना त्याने ते अश्लेषाला मोठ्याने वाचून दाखवलं.

"अरे, हे सोंगाचं वाक्य तुझंच आहे," ती म्हणाली.

तो आधी ओशाळला. मग थोडा सुखावलाही. तो स्वतः युरोपला कधी गेला नव्हता. वाक्य जाऊन आलं होतं.

सोमवारी त्याने हे वरिष्ठांच्या, कुरोदा-सानच्या, कानावर घातलं. तिकडच्यांनी ते वाक्य खोडून काढलं का, एवढंच त्यांनी विचारलं. नव्हतं काढलं. मग एकमत झालं म्हणायचं, असं म्हणून ते जेवायला गेले.

त्या दोनपैकी एका देशात पुराने पिकं वाहून गेली होती. मदतीचा तांदूळ पाठवावा की रोखावा, यावर सरकारी अधिकाऱ्यांची बैठक बसली; समोर देवदत्तचा अहवाल आणि युरोपातलं टिपण होतं. एका अधिकाऱ्याने थेट देवदत्तलाच विचारलं, की हे दोन्ही स्रोत स्वतंत्र आहेत ना? कुरोदा-सान आपल्या पेन्सिलीचं टोक तपासू लागले. देवदत्तच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. मागोमाग व्हिसाचं नूतनीकरण आलं.

"ते युरोपात आहेत, आम्ही टोकियोत," तो म्हणाला.

याहून खरं वाक्य त्या बैठकीत कोणीच बोललं नाही. तांदूळ 'तूर्त' रोखण्यात आला.

"सांगितलंस त्यांना?" घरी आल्यावर अश्लेषाने विचारलं.

"विचारलं तेवढं सांगितलं."

तिने ताट वाढलं. देवदत्तने भात थोडा कमी घेतला. (निषेध म्हणून. कोणाचा, हे स्पष्ट झालेलं नाही.)

राहता राहिला प्रश्न, ते दोन देश कोणते. इथे त्यांची नावं कुठेही आलेली नाहीत. तरीही वाचताना तुमच्या मनात दोन नावं पक्की झाली असतील, तर कृपया कुरोदा-सानना कळवावं. तिसऱ्या स्वतंत्र स्रोताच्या शोधात ते आहेतच.