पडताळणीचा फोन

कंपनीचा नवा नियम कळला तेव्हा शैलेश घरत पनवेलच्या आपल्या छोट्याशा ऑफिसात डबा उघडून बसला होता. घास हातातच राहिला. आरोग्य विम्याची पॉलिसी देण्याआधी कंपनी आता थेट ग्राहकाला फोन करणार होती. एजंटने सगळं नीट समजावलं का, आजार लपवले नाहीत ना, हे ग्राहकाच्याच तोंडून ऐकणार होती. त्या वेळी एजंटने आसपासही फिरकायचं नाही. आणि तीन ग्राहकांची पडताळणी फसली, की चौकशी होईपर्यंत एजंटचं काम बंद.

शैलेशच्या दोन ग्राहकांची पडताळणी पहिल्याच आठवड्यात फसली. एकाने कर्ज विकणारे समजून फोन कापला. दुसऱ्याने भलतीच जन्मतारीख सांगितली. आता तिसरे होते नेरे गावचे काशिरामकाका. शैलेशच्या वडिलांचे जुने मित्र. माणूस सोन्यासारखा, पण वेळ विचारली तर घड्याळ कुठून घेतलं तिथपासून सुरुवात करणारा. चंद्रावतीकाकूंनी वर्षभर मागे लागून त्यांना दोघांचा विमा काढायला राजी केलं होतं.

शैलेश मोटारसायकल काढून नेऱ्याला गेला.

“काका, कंपनीचा फोन येईल. फार बोलायचं नाही. जे विचारतील त्याला फक्त ‘हो’ म्हणायचं.”

“हो. नुसता हो?”

“नुसतं हो.”

“मंग त्यात काय हाय,” काका म्हणाले.

दोन दिवसांनी काकांचाच फोन आला. “शैलेश, काम झाला. एक पन सवाल सोडला नाय मी.”

पाठोपाठ कंपनीच्या शाखेतून मॅनेजर समृद्धी मॅडमनी बोलावलं. त्यांनी थेट काकांच्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं.

“पॉलिसी नीट समजली का?” “हो.”

“मधुमेह आहे?” “हो.”

“हृदयविकार?” “हो.”

“पॉलिसीतल्या महिला सदस्य सध्या गरोदर आहेत का?” “हो.”

काकूंनी नुकतीच साठी ओलांडली होती. शैलेशने कपाळाला हात लावला.

“एजंटने काही भेटवस्तू दिली?” “हो.”

“ही उत्तरं तुम्हाला कुणी शिकवलीत का?”

इतका वेळ साधं ‘हो’ म्हणणारे काका इथे अगदी मनापासून म्हणाले, “हो, हो.”

समृद्धी मॅडमनी रेकॉर्डिंग बंद केलं. “मिस्टर घरत, तुमचा एजंट कोड मी आजच बंद करायला हवा. पण काकांना पुन्हा एक फोन, एक री-कॉल देतेय. यावेळी काही शिकवू नका, प्लीज.”

शैलेश पुन्हा नेऱ्याला. काका ओट्यावर बसले होते, चेहऱ्यावर शाबासकीची वाट.

“काका, पुन्हा फोन येणार आहे. आता फक्त खरं सांगा.”

“सगळा?”

शैलेशला आपण शिकवलेलं ‘हो’ आठवलं. “सगळं,” तो म्हणाला.

फोन वाजला तसा नियमाप्रमाणे तो घरापासून लांब, गाढी नदीच्या पुलावर जाऊन उभा राहिला. खालून वाहून जाणाऱ्या पाण्याबरोबर आपला धंदाही चाललाय, असं त्याला वाटत राहिलं. बऱ्याच वेळाने काकू शोधत आल्या.

“चल, च्या घे.”

“झालं बोलून?”

“कुठला? आता मोठ्या पोरीच्या लग्नापरत आलेत. गुडघ्याची लचक तवाचीच हाय ना.”

ते दोघं पोचले तेव्हा काका फोन ठेवत होते.

“सगळा खरा सांगितला,” काका म्हणाले. “बीपीची गोळी, गुडघा, समदा. तू काय भेट दिलीस ते विचारला. क्यालेंडर दिला बोललो, टांगायचा खिला आमचाच.”

“आणि पॉलिसी समजावली का, ते?”

“समजावली बोललो. मी ऐकली नाय, तो माझा दोष. मंग फोनवाल्या पोरीनं परत समजावली. चांगली पोर हाय.”

“आणि... हो बोलायला मी सांगितलं होतं, ते?”

“ता पन सांगितला. तूच बोललास ना, सगळा.”

शैलेश ओट्यावर मटकन बसला. काकूंनी पुढे केलेला चहा त्याने औषधासारखा प्यायला.

दुसऱ्या दिवशी समृद्धी मॅडमचा फोन आला. “तुमच्या ग्राहकाने एकही गोष्ट लपवली नाही. पॉलिसी मंजूर. तुम्हाला लेखी समज येईल, ती मुकाट्याने घ्या.” शैलेशने ‘हो मॅडम’ एवढंच म्हटलं.

आठवड्याभरात ऑफिसात एक मुलगी आली. “मी कोमल. रोडपालीला राहते. नेऱ्याच्या काकांना फोन मीच केला होता. त्यांनी मलाच विचारलं, तुझ्या आईचा विमा हाय का? नाहीये. मी कॉल सेंटरला कॉन्ट्रॅक्टवर आहे, आम्हाला कंपनीचा विमा मिळत नाही. मग त्यांनी तुमचा पत्ता दिला. म्हणाले, पोरगा जरा घाबरट हाय, पन खोटा नाय.”

शैलेशने खुर्ची पुढे केली, पंखा मोठा केला आणि यावेळी बारीकसारीक अटींसकट सगळं समजावून सांगितलं. कोमलने लक्ष देऊन ऐकलं. जायला उठली, दारापर्यंत गेली आणि थबकली.

“सर, आईला पडताळणीचा फोन येईल ना,” ती आवाज खाली आणत म्हणाली, “तेव्हा तिने नेमकं काय बोलायचं, तेवढं जरा सांगून ठेवता का?”