पाहिले, पटले

श्रवणसाहाय्य कार्यालयाच्या सुरक्षिततेस धोका संभवतो, असे वरून लेखी कळवण्यात आले, तेव्हा कर्मचारी आपापल्या खुर्चीखाली वाकून पाहू लागले. धोका खुर्चीखाली नसून संगणकात असतो, असा खुलासा मागाहून आला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. संगणकाशी तसा कुणाचाच घरोबा नव्हता.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांना कानाचे यंत्र मंजूर करणे, एवढेच या कार्यालयाचे काम. तिथे सायबर सुरक्षेचे सल्लागार आले. सोबत त्यांनी एक यंत्रबुद्धी आणली. तिचे अधिकृत नाव सदसद्विवेक. हे नाव कुणाच्या जिभेवर टिकेना, म्हणून आठवडा संपायच्या आत ती सदू झाली.

यंत्रबुद्धीचा वापर जबाबदारीने व्हावा, असा नियम होता. सदूने निर्णय सुचवावा, जबाबदार माणसाने तो तपासावा आणि मगच 'पाहिले, पटले' हे बटण दाबावे. आपल्यात जबाबदार माणूस कोण, असे सल्लागारांनी विचारले, तेव्हा प्रत्येकाने शेजारच्याकडे बोट दाखवले. अखेर ज्यांना स्वतंत्र केबिन होती ते साहेब जबाबदार ठरले. साहेबांनी जबाबदारी मनाला लावून घेतली नाही, अंगठ्याला लावून घेतली. अर्ज पडद्यावर उमटायच्या आत तो पटलेला असे. साहेब फोनवर व्याह्यांशी बोलत, अंगठा आपले काम करी. कोवळ्या शेंगा मोडाव्यात तसा तो टपटप चाले, आणि सदू एकटक पाहत राही. चांगला अधिकारी कसा वागतो, हे त्याला साहेबांकडूनच शिकायचे होते.

राहिला प्रश्न संगणक उघडण्याच्या गुप्तवाक्याचा.

"शब्द चालणार नाही, वाक्य हवं," सल्लागार म्हणाले. "चांगलं लांबलचक. आणि कुणीही विसरता कामा नये."

"प्रत्येकाला वेगळं?" मोठ्या टेबलाशी बसणाऱ्या बाईंनी घाबरून विचारले.

प्रत्येकाला वेगळे गुप्तवाक्य देण्याचा प्रस्ताव तयारच होता. पण तो मंजूर करायला वेगळे गुप्तवाक्य लागत होते. म्हणून तूर्त सगळ्यांना मिळून एकच ठरले. ते रचण्याचे काम आवक-जावक पाहणाऱ्या कारकुनाकडे गेले. निरोपसमारंभाला कविता करायची खोड असल्याने सगळे त्याला कवी म्हणत. कवीने डोळे मिटले, टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि जात्यावर बसल्यासारखा सुरात म्हणाला:

दाराला लावली कडी, कडीला घातलं कुलूप,
किल्ली ठेवली कुठं गं, विचारू नको, बस चूप.

"वा!" साहेब म्हणाले. "गुप्ततेचा संदेशही आला."

एका शिकाऊ उमेदवाराने पहिल्याच दिवशी 'गं' विसरून कार्यालय दुपारपर्यंत बंद पाडले. तेव्हापासून रोज सकाळी हजेरीनंतर सर्वांनी उभे राहून गुप्तवाक्य मोठ्याने म्हणावे, असे परिपत्रक निघाले. खिडक्या उघड्या असत. बाहेर रांग असे. रांगेतल्या माणसांना दुसरे काही करायला नसे. महिना उलटायच्या आत समोरच्या गल्लीतल्या मुली त्या ओळींवर दोरीच्या उड्या मारू लागल्या. आपल्या कार्यालयाचे काम लोकांपर्यंत पोहोचत आहे, असे कवीने वार्षिक अहवालात नमूद केले.

त्या रांगेत एक शिलाईवाली रोज येत असे. तिच्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हते. पोर हाक मारत नसे. काही हवे असले की आईची बाही ओढी, त्यामुळे सगळ्या गावाचे कपडे शिवणाऱ्या बाईची डावी बाही कायम उसवलेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की शाळेच्या आधी यंत्र बसले तर बोलणे येईल. वय निघून गेले, तर मग यंत्र बसूनही आवाज नुसते गोंगाटासारखे वाटतील. शाळा तोंडावर आली होती.

"बाई, तुमचा अर्ज संशयास्पद निघाला," साहेब खिडकीतून म्हणाले. "सुरक्षेसाठी लाभार्थीला फोन करून आकडे सांगितले जातात. लाभार्थीने ते ऐकून परत म्हणायचे असतात. तुमच्या मुलीने म्हटले नाहीत."

"साहेब, तिला ऐकू येत नाही."

"तेच तर सांगतोय. फोन ऐकला असता, तर तिला ऐकू येत नाही हे आम्ही लगेच मान्य केलं असतं."

"मग मी म्हणू का आकडे? पुढच्या वेळी मीच..."

"हळू बोला!" साहेबांनी सदूच्या पडद्याकडे पाहिले. "याला तोतयेगिरी म्हणतात. मी ऐकलं नाही असं समजा."

"कुणालाच ऐकू येत नाही इथं," ती म्हणाली. "तुम्हीच वापरा मग ती यंत्रं."

यंत्रे वापरात येतच होती. कार्यालयाला यंत्रे विकणाऱ्या पुरवठादाराचा भाचा रांगेत एकदाच उभा राहिला. कानाने तल्लख होता, दोन्ही ओळी एका दमात पाठ झाल्या. घरी बसून तो गुप्तवाक्याने आत शिरला आणि आपल्या व्यायामशाळेतल्या झाडून सगळ्या जवानांना त्याने कागदोपत्री बहिरे केले. सगळ्यांनी पहिल्याच घंटीला फोन उचलला, आकडे खणखणीत परत म्हटले. मिळालेली यंत्रे मामाकडे गेली, मामाने ती पुन्हा कार्यालयाला पुरवली. सदूला यात काहीच वावगे दिसले नाही. भाचा अर्ज उघडत नव्हता, मंजुरीचे कारण लिहीत नव्हता, नुसता टपटप मंजूर करत होता. सदूने जन्मापासून पाहिलेला उत्तम अधिकारी असाच होता.

शिलाईवालीच्या भावाचे कार्यालयासमोर झेरॉक्सचे दुकान होते, दुकानात एक संगणक.

"ताई, बस इथं," तो म्हणाला. "सगळ्या रांगेला पाठ आहे ते. पोरी उड्या मारतात त्याच्यावर. टाक आणि दाब बटण."

"चोरी आहे रे ती."

"कुणाची चोरी? यंत्र पोरीसाठीच आहे ना? का आपण दुसऱ्याचं घेतोय?"

ती कळफलकापुढे बसली. मग शिवणयंत्रात दोरा ओवावा तशी एकेक अक्षर टिपत गेली. दार उघडले. अर्ज समोर आला. भाऊ बाजूने म्हणत होता, दाब, दाब. पण आयुष्यात पहिल्यांदाच तिला अर्जाची आतली बाजू दिसत होती. तिने तो पहिल्या ओळीपासून वाचला. मुलीच्या वयात झालेली चूक दुरुस्त केली. शेवटी मंजुरीच्या कारणाचा रकाना होता. तिथे तिने लिहिले: माझ्या मुलीला ऐकू येत नाही.

मग दाबले.

सदूने तत्काळ धोक्याची सूचना दिली. नियमाप्रमाणे ती सूचना तपासणीसाठी साहेबांकडे गेली. साहेबांनी तीही न उघडता 'पाहिले, पटले' दाबले, प्रणालीने ती अर्जाचीच मंजुरी धरली, आणि यंत्र घरपोच झाले.

पोरीच्या कानाला यंत्र लावून शिलाईवाली नेहमीसारखी शिवायला बसली. पोर दचकली. शिवणयंत्राच्या चाकावर तिने हात ठेवला, खडखड थांबली. हात उचलला, खडखड आली. पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. दिवसभर गिऱ्हाइकाचा एकही कपडा पुरा झाला नाही. संध्याकाळी पोरीने बाही ओढायला हात पुढे केला, तो मधेच थांबवला आणि घशातून काहीतरी काढले. ते 'आ'पर्यंत आले होते. पुढचे अजून यायचे होते.

पुढचे यायच्या आत सल्लागार आले, आपल्या ठरलेल्या पाहणीसाठी.

"गंभीर घुसखोरी आहे," पडदा साहेबांकडे वळवत ते म्हणाले. "हा अर्ज कुणीतरी वाचलाय."

"वाचलाय?"

"पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. आणि हे बघा, कारणाच्या रकान्यात कारण लिहिलंय. आतल्या माणसाचं हे काम नव्हे."

साहेबांनी घाईने विचारले, "माझ्यावर तर संशय नाही ना?"

"छे! तुम्ही आजवर एकही अर्ज उघडलेला नाही, याची सदूकडे पक्की नोंद आहे. तुम्ही धुतल्या तांदळासारखे आहात."

भाच्याचीही अशीच नोंद असल्याने तोही सुटला. 'माझ्या मुलीला' या दोन शब्दांवरून आरोपी मात्र चहा निवायच्या आत सापडली.

चौकशीत तिला एकच प्रश्न विचारण्यात आला.

"गुप्तवाक्य तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्ही," ती म्हणाली. "रोज सांगता. उभं राहून."

"आमचं म्हणणं आम्ही आपसात म्हणत होतो. तुम्ही ऐकायला नको होतं."

"माझी पोर हा न ऐकण्याचा नियम जन्मापासून पाळते, साहेब. तरी तिला यंत्र मिळालं नाही."

यावर कवीला हसू आले. त्याची नोंद झाली.

यंत्र पुरावा म्हणून जप्त झाले. निकाल लाभार्थीला समक्ष मोठ्याने ऐकवावा, असा नियम होता. त्याप्रमाणे मुलीला खुर्चीवर बसवून साहेबांनी तो संपूर्ण ऐकवला. ती त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहत राहिली. मग हात लांब करून तिने साहेबांच्या तोंडावर अलगद ठेवला आणि उचलला. ठेवला आणि उचलला. आवाज काही आला नाही. साहेब निकाल वाचतच राहिले. खाली 'ऐकले' असा तिचा अंगठा घेण्यात आला.

शाळा सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलेले वय आले तसे गेले. यंत्र कार्यालयाच्या लोखंडी कपाटात आहे. त्याचे बटण बंद करायचे कुणाला सुचले नव्हते. त्यामुळे सकाळी सगळे उभे राहून नवे गुप्तवाक्य म्हणू लागले की कपाटातून बारीक शीळ येई. साहेब म्हणत, "उंदीर असावा." एके दिवशी शीळही थांबली.

या प्रकरणातून धडा घेऊन प्रणाली कडक करण्यात आली. वाचणाऱ्यांपासून धोका असल्याचे सिद्ध झाल्याने अर्ज वाचण्याची सोयच काढून टाकण्यात आली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जबाबदार वापराबद्दल साहेबांना मानपत्र मिळाले. ते मानपत्र सदूने लिहिले होते. ते देणाऱ्यांनीही वाचले नाही, घेणाऱ्यांनीही नाही.

आता राहता राहिलात तुम्ही. कडी-कुलपाच्या त्या दोन ओळी तुम्हीही वाचल्या आहेत, मनातल्या मनात चालही लावली असेल. तेव्हा नियमाप्रमाणे सल्लागारांनी तुमचीही माहिती सदूकडून मागवली. फोनवर समोर आलेल्या प्रत्येक अटीखाली, एक ओळही न वाचता, तुम्ही आजवर किती निष्ठेने 'मला मान्य आहे' दाबत आला आहात, हे पाहून सदूला भरून आले. तुमच्याविषयी काहीही संशय नाही. उलट साहेब लवकरच निवृत्त होत आहेत, आणि त्यांच्या जागी जबाबदार माणूस म्हणून सदूने तुमचेच नाव सुचवले आहे.

पहिला अर्ज एका मुलीचा आहे. तो उघडत नाही. अंगठा तेवढा ठेवा.