अकरा घरी गेलेले पीच

शनिवारी दुपारी शिवदासने करंडी ओटीवर टेकवली, सदरा खुंटीला अडकवला आणि तो वाडीतल्या विहिरीवर आंघोळीला गेला. आंघोळ झाल्यावर फणसाखाली जरा पाठ टेकावी म्हणून आडवा झाला. करंडी कुणाची आणि कशासाठी आणली, हे घरात कुणाला तरी सांगायचं असतं, एवढंच राहून गेलं.

खरं तर करंडी थळपर्यंत यायलाच नको होती. मुंबईच्या नोकरीवरून सुटीला निघून सकाळच्या लाँचने रेवस, तिथून एस.टी., चोंढीला उतरून किहीमला डॉक्टर विजयकरांच्या बंगल्यावर करंडी द्यायची आणि मग घर गाठायचं, असं ठरलं होतं. पण खिडकीतून वारा लागला आणि शिवदासची मान पडली, ती थळच्या फाट्यावर कंडक्टरने हलवलं तेव्हाच उठली. "उद्या राहीला दाखवायला त्यांच्याकडे जायचंच आहे, तेव्हा देऊ," असं त्याने स्वतःला सांगितलं. स्वतःचं म्हणणं शिवदासला नेहमीच लवकर पटायचं.

त्याची बायको कमळ तेव्हा लेकीला, राहीला, घेऊन नवगावला माहेरी गेली होती. घरात होत्या त्या फक्त भागुबाई, शिवदासच्या आई. त्यांनी करंडीवरचं वाळलेलं गवत बाजूला केलं, तर आत बारा फळं. गोल, पिवळट, एका गालावर लाली, आणि अंगभर बारीक लव.

"अगो बया! केसर, हिकडं ये! उंदराच्या पिल्लागत लव हाय ह्यांना!"

केसर म्हणजे कुंपणापलीकडची शेजारीण. आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही, असं तिला कधी वाटलेलं नव्हतं. तिने एक फळ उचलून हुंगलं. "मुंबयचं हाय. थंड मुलखातनं आनलेलं. थंडी वाजती म्हनून लव असती."

"मंग हितं आल्यावर गळंल?"

"चार दिसांत."

भागुबाईंचा एक नियम होता. घरात नवं फळ आलं की पहिलं देवापुढे, मग आळीत घरटी एक, आणि उरलं तर घरच्यांना. वाडीतल्या पहिल्या मिरचीलाही त्यांनी हा नियम लावला होता. बारा फळं, एक देव आणि आळीतली घरं अकरा. हिशोब असा चोख बसला की भागुबाईंना गहिवरून आलं. त्यांनी अकरा ताटल्या मांडल्या, वर केळीच्या पानाचे तुकडे घातले आणि उन्हातान्हात घरोघर पोचवून आल्या. लेकाने एवढ्या लांबून आणलं आणि देवापुढचं सोडलं तर घरात एकही उरलं नाही, यासारखी बरकत नाही, असं त्यांचं मत होतं.

चार वाजता कमळ परतली, आणि त्याच वेळी डोळे चोळत शिवदासही आला.

"आई, करंडी कुठाय?"

"ती बग, कोपऱ्यात. गवताला वास काय झकास येतोय."

"आणि फळं?"

"वाटली." भागुबाई समाधानाने म्हणाल्या. "आळी खूश झाली बग."

शिवदास ओटीच्या पायरीवर बसला. "आई, ते पीच होते. डॉक्टर विजयकरांचे. दवाखाना संपवून ते संध्याकाळच्या लाँचने येणार, तोवर उन्हाने फळं खराब होतील म्हणून माझ्या हाती पुढे दिली होती. किहीमला त्यांच्या पत्नीला, माईसाहेबांना, पोचवायला."

राही तेव्हा करंडीत डोकं घालून गवताचा वास घेत होती.

डॉक्टर विजयकर हे नाव त्या घरात कुलदैवताच्या खालोखाल होतं. राही तिसऱ्या वर्षी वाळायला लागली. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय शेवग्याच्या शेंगा. जे खाईल ते टिकेना. अंगात ताकद यावी म्हणून भागुबाई रोज सकाळी गव्हाचं सत्त्व शिजवून आपल्या हाताने भरवायच्या. पोर जितकी वाळायची तितकं सत्त्व वाढायचं. शेवटी मुंबईला डॉक्टर विजयकरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट सांगितली, "हिला गहू सोसत नाही. विलायतेत अलीकडेच हे ध्यानात आलंय. रवा, मैदा, पाव, बिस्कीट, सगळं बंद. तुमच्याकडे तांदूळ आहे ना? मग झालं."

आणि खरंच, झालं. महिन्याभरात राही हसली, दोन महिन्यांत पळाली. शिवदास दर आठवड्याला दवाखान्यात जाऊन फक्त तिचं वजन सांगून यायचा. भागुबाईंनी सत्त्वाचं पातेलं समुद्रात नेऊन टाकलं. गहू हा शब्द आता त्या शिवीसारखा उच्चारत.

फक्त एक राहिलं होतं. लग्नात, बारशात, दिवाळीत पानं वाढली की राही मांडीवर हात ठेवून बसायची. करंजी आली, की "तिला नको." शंकरपाळे आले, की "तिला नको." दुसऱ्यांनी तिच्या वतीने नको म्हणायचं आणि तिने बघायचं. तिला नवीन काही दिलं की ती आधी आईच्या तोंडाकडे बघून विचारायची, "गहू?" कमळ तेव्हा हातातलं काम टाकून तिला जवळ ओढायची.

"आता काय करायचं?" शिवदास म्हणाला.

"परत मागायचं," कमळ म्हणाली.

"दिलेलं? अगं, लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. राहीचे डॉक्टर आहेत ते."

ती पहिल्यांदा गेली केसरकडे. केसरने फळाच्या फोडी करून, मीठ लावून बरणीत घातल्या होत्या. "करकरीत व्हतं. म्हटलं, लोनचं मुरंल चांगलं." दुसरं घर बायजाचं. लव बघून तिला खाजकुहिली आठवली होती, म्हणून तिने फळ काथ्याने घासून, वरून सुरणाला लावतात तसं आमसूल चोळून ठेवलं होतं. बिचारं फळ भादरलेल्या मेंढरासारखं दिसत होतं. म्हाताऱ्या हरेश्वरआबांनी आपलं आंब्यांबरोबर अढीत घातलं होतं, ते बाहेर काढताना त्यांनी दोनदा बजावलं, "पिकलं न्हाय हां अजून. घाई करताय तुमी." तुळशीरामने खाऊन टाकलं होतं आणि बाठा परसात लावून त्याला पाणीही घातलं होतं. तो उकरून द्यायला निघाला, तेव्हा कमळने त्याला हात जोडले.

पण एक गोष्ट प्रत्येक दारात सारखीच झाली. कमळ मान खाली घालून सांगायची, "चुकून वाटली गेली. डॉक्टरांची होती." आणि समोरून विचारलं जायचं, "आपल्या राहीच्या डाक्तरची?" मग उरलंसुरलं ताटलीत यायचं. आणि ताटली नुसती कशी परत करायची, म्हणून त्यावर आणखी काहीतरी यायचं. इथे गुळाचा खडा, तिथे नारळ, नीराबाईकडून वाटीभर तूप, हरेश्वरआबांकडून घरच्या तांदळाची कणी. तुळशीरामच्या ताटलीत पीच नव्हताच, म्हणून लाजेने त्याने दोन नारळ दिले.

दिवस मावळायला कमळ घरी आली, तेव्हा देवापुढचा धरून एकूण पीच जमले सव्वासात. काही अख्खे, काही अर्धे, काही खारट, एक भादरलेला. शिवदासने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हे घेऊन डॉक्टरांपुढे उभं राहायचं? त्यापेक्षा मी नोकरी सोडतो."

"नोकरीचा काय संबंध?" कमळने विचारलं.

"संबंध नाही. पण काहीतरी सोडावंसं वाटतंय."

भागुबाई उठल्या. पदर खोचला. "धोंडस करू." धोंडस म्हणजे तवशाचा, जून काकडीचा, निखाऱ्यांवर भाजलेला गोड पदार्थ.

"पीचांचं?"

"तवशाचं करतो न्हाय? तवसं काय, आनि ह्ये काय? पानीच हाय आत. चूक माजी हाय, तवा हात पन माजाच लागंल."

केसरच्या फोडी तीन पाण्यांतून धुतल्या. कणी तुपावर भाजली, तिच्यात पीचांचा कीस, गूळ, ओलं खोबरं, वेलची पडली. तेवढ्यात केसर स्वतः एक वाटी घेऊन आली. "वाईच रवा घाला ह्यात. डाक्तर मोठी मानसं. त्यांना काय कण्या चारताय?"

भागुबाईंनी वाटी उजेडात धरली. "कसला रवा?"

"रवा म्हंजे रवा."

"केसर, खरं सांग. गव्हाचा?"

"गव्हाचाच असतोय की चांगला."

"ती वाटी घे आनि माज्या उंबऱ्याच्या बाहेर हो! आनि हात धुवून मंग आत ये!"

केसर खरोखरच बाहेर गेली, हात धुतले आणि परत येऊन निखारे फुंकायला बसली. पितळी पातेल्याला केळीचं पान लावून मिश्रण आत गेलं. खाली करवंट्यांचे निखारे, वर झाकणावर निखारे. भागुबाई त्या पातेल्यापुढे अशा बसल्या होत्या, जणू आत गुन्हेगार आहे आणि तो पळेल. घरभर असा वास सुटला की अकरा घरांतली माणसं काहीतरी निमित्त काढून कुंपणाशी येऊन गेली.

रविवारी सकाळी बैलगाडीने सगळे किहीमला निघाले. शिवदास वाटभर भाषण पाठ करत होता. "माईसाहेब, एक छोटीशी गफलत झाली..." बंगल्याच्या पायऱ्यांवर माईसाहेब उभ्या दिसताच त्यातलं फक्त "माईसाहेब" उरलं. तो दोनदा तेवढंच म्हणाला. मग भागुबाई पुढे झाल्या.

"चोर मी हाय. तुमची फळं मी गावाला वाटली. म्हायती नव्हतं. मिळाली तेवढी ह्या पातेल्यात हायत."

माईसाहेबांनी पातेल्याचं झाकण उचललं. आत वाकून बघितलं. मग आत वळून हाक मारली, "अहो! बाहेर या जरा!" डॉक्टर पेपर हातात घेऊनच आले. त्यांनीही वाकून बघितलं.

"यात मैदा?" माईसाहेबांनी विचारलं.

"न्हाय वो! कनी हाय. तांदळाची."

"आणि तरी न फुटता असं घट्ट धरून बसलंय?" माईसाहेब खुर्चीत बसल्या आणि हसायलाच लागल्या. "अहो भागुबाई, ते पीच कुणासाठी होते माहितेय का? या राहीसाठी! तिला गहू सोडून आज वर्ष झालं, यांनी तारीख लिहून ठेवली होती. म्हटलं, पोरीने जन्मात केक खाल्ला नसेल, आपण पीच घालून बिनमैद्याचा करू. परवापासून नुसत्या तांदळाच्या पिठावर हात बसवतेय. तीनदा केला. तीनदा वाळू! शेवटचा त्या कोंबड्यांना घातला, त्याही विचार करून खातायत. काल दिवसभर पीचांची वाट बघत होते, मनात म्हणत होते, न आले तर बरं."

कमळने पदराचं टोक तोंडाशी धरलं. शिवदासला मात्र आपण एस.टी.त झोपलो ते देवाच्याच इच्छेने, हे लगेच पटलं.

व्हरांड्यात पान मांडलं गेलं. डॉक्टरांच्या दोन नाती आल्या. एकच मोठी थाळी, तिच्यात धोंडसाच्या वड्या, सोनेरी, कडेला खरपूस. सगळ्यांसाठी एकच. राहीसाठी वेगळी वाटी नव्हती.

राहीने वडी उचलली आणि सवयीने आईकडे बघितलं. "गहू?"

"न्हाय!" भागुबाई, शिवदास, माईसाहेब, डॉक्टर, सगळे एकदम ओरडले. कोंबड्या दचकून पळाल्या.

राहीने मोठा घास घेतला. चावला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने गिळला, जरा विचार केला आणि वडी थाळीत परत ठेवली.

"मला नको."

"का गो बाय?" भागुबाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला. "पोटात दुकतंय?"

"न्हाय. खारट लागतंय. मला न्हाय आवडलं."

डॉक्टरांनी तीच उष्टी वडी उचलून तोंडात टाकली. "खरंच की! मीठ आहे!"

"केसर..." भागुबाई दात चावून म्हणाल्या. आणि मग त्यांचं लक्ष कमळकडे गेलं. कमळ रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम, आणि ते थांबवायचा तिने काही प्रयत्नही केला नाही. वर्षभर लोकांनी म्हटलेलं ते "नको" आज पहिल्यांदा राहीचं स्वतःचं होतं. भागुबाईंनाही ते हळूहळू उमगलं. त्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली.

"आज वजन करायला नको," डॉक्टर म्हणाले. "पोर बरी आहे." आणि त्यांनी दुसरी वडी घेतली.

माईसाहेबांनी पातेलं धुवून परत दिलं, तेव्हा त्यात वाडीतली केळी भरलेली होती. परतीच्या वाटेवर राहीने केळं नको म्हटलं. मग पाणी नको म्हटलं. मग आजीच्या मांडीवर बसायलाही नको म्हटलं.

"लाडावतेय ही," शिवदास म्हणाला.

"लाडावू दे," कमळ म्हणाली. थोड्या वेळाने तिने मुद्दाम पुन्हा विचारलं, "राही, केळं हवं?"

"नको!"

कमळने डोळे मिटून ते ऐकलं. थळ येईपर्यंत तिने तिला आणखी सहा वेळा विचारलं.