छत्रीधारी साक्षीदार

लग्न कोणत्या दिवशी करावे याबाबत दोन्ही घरांत पहिल्यापासून एकमत होते. ज्या दिवशी फोटोग्राफर मोकळा असेल, त्या दिवशी. त्यासाठी नवऱ्या मुलाने आपली रजा दोनदा बदलून घेतली आणि व्याह्यांनी मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलले. नवरीच्या मामांना कोणी विचारले नाही, कारण निवृत्त माणूस मोकळाच असतो असा सार्वत्रिक समज आहे. वेळही फोटोग्राफरनेच दिली. सूर्यास्ताची. दुपारचा उजेड नाकाखाली सावली पाडतो आणि नवरीला मिशा फुटल्यासारखे दिसते, हे त्याने दोन्ही कुटुंबांना समोर बसवून समजावले. त्यानंतर दुपारचे नाव कोणी काढले नाही.

मामांचे म्हणणे एवढेच होते की फोटो कधीही काढा, पण सही वेळेत होऊ द्या. बहीण गेल्यावर भाचीला त्यांनीच वाढवले होते. शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून नोकरीच्या हमीपत्रापर्यंत जिथे जिथे पालक म्हणून सही लागली, तिथे तिथे मामांची सही होती. आता लग्नाच्या नोंदणीत साक्षीदार म्हणून एकदा सही केली की आपण सुटलो, असे ते मामींना म्हणत. म्हणताना त्यांचा आवाज जरा बसत असे, आणि मामी दुसरीकडे बघत. सहीसाठी त्यांनी नवे पेनही घेतले होते.

सही वेळेत होण्याला कारण होते. नवरा-नवरी दुसऱ्याच दिवशी नव्या घरी राहायला जाणार होते, आणि तिथल्या घरमालकीणबाई तत्त्वाच्या होत्या. लग्नाचा दाखला दाखवा आणि किल्ली घ्या, असे त्यांनी बजावले होते. नोंदणी अधिकारी तळ्याकाठच्या बागेत टेबल मांडून बसत, पण उघड्यावरच्या नोंदणीचा त्यांचा अधिकार सूर्य दिसत असेपर्यंतच चाले. सूर्य बुडाला की अधिकारही बुडाला. पुढची तारीख मग तीन महिन्यांनी. साहजिकच मामांनी सुचवले की आधी सह्या करू, मग निवांत फोटो काढू.

फोटोग्राफरने नकार दिला. सही करताना मुली रडतात, रडल्या की डोळे सुजतात, आणि सुजलेल्या डोळ्यांवर त्याच्याकडे उपाय नव्हता. भाचीने लगेच मान डोलावली. सुजलेल्या डोळ्यांनी जन्म काढता येतो, फोटो नाही, हे तिलाही पटलेले दिसले.

फोटोग्राफरची पद्धत मामांना मात्र आवडली. मागचे आभाळ खुलून दिसावे म्हणून तो कॅमेरा इतका अंधारा करी की पुढची माणसे नुसती काळी दिसत. मग कॅमेऱ्यापासून लांब, बाजूला एका तिपाई स्टँडवर फ्लॅश लावायचा, त्यावर पांढरी छत्री आणि नारिंगी जिलेटिन कागद. कॅमेऱ्याचे बटण दाबले की बिनतारी इशाऱ्यावर फ्लॅश उडायचा आणि माणसे मावळत्या उन्हात उभी असल्यासारखी उजळायची. मावळते ऊन असते त्यांच्या पाठीला, पण ते कोणी विचारत नाही. खऱ्या सूर्याच्या मदतीला खोटा सूर्य, अशी ही सोय होती. पाणीपुरवठा खात्यात हयात गेल्यामुळे मामांना अशा सोयींचा आदर होता.

तिपाई हिरवळीवर टेकवताच बागेचे निरीक्षक आले. गळ्यात शिट्टी असल्यामुळे सगळे त्यांना शिट्टीसाहेब म्हणत. त्यांनी तिपाईचे तिन्ही पाय वाकून पाहिले आणि जमिनीला टेकलेली वस्तू हे तात्पुरते बांधकाम असल्याचे सांगितले. बागेत बांधकामाला मनाई होती. मग फ्लॅश लावायचा कशावर, असे फोटोग्राफरने विचारले. हातात धरलेल्या वस्तूला बांधकाम म्हणता येत नाही, असा नियमातला दिलासा शिट्टीसाहेबांनी स्वतःच दिला. फक्त धरणारा माणूस आणि त्याची जागा ठरलेली हवी. यातले काहीही मध्येच बदलले तर परवानगी रद्द. आणि धरलेली वस्तू मध्येच खाली ठेवली तर ते पुन्हा बांधकाम.

सगळ्यांनी मामांकडे पाहिले. निवृत्त माणूस मोकळाच असतो. शिट्टीसाहेबांनी त्यांच्या गळ्यात एक बिल्ला अडकवला. त्यावर ‘मानवी आधार’ असे छापलेले होते. मामींनी तो सरळ करून दिला.

तळ्याकाठी आणखी सहा जोडपी होती, सहा फोटोग्राफर होते, आणि गळ्यात बिल्ले घातलेले कोणाकोणाचे काका, आत्या, मेहुणे छत्र्या धरून उभे होते. पहिल्या फोटोग्राफरने बटण दाबले आणि सातही छत्र्या एकदम उजळल्या. सगळ्यांनी एकाच दुकानातून फ्लॅश घेतले होते, दुकानदाराने ते बिनतारी इशाऱ्याच्या पहिल्याच चॅनलवर लावून दिले होते, आणि कोणीही ते बदलले नव्हते. त्यामुळे एकाने बटण दाबले की सर्वांचे फ्लॅश उडत, आणि ते पुन्हा चार्ज होण्याआधी दुसऱ्याने बटण दाबले की त्याची नवरी काळीठिक्कर उठे. एका नवरीची सासू तो फोटो बघून म्हणाली की दाखवताना तर मुलगी अशी नव्हती.

चॅनल बदलणे हे दोन बोटांचे काम होते. मामांच्या फोटोग्राफरने ते करायला घेताच शिट्टीसाहेबांनी हात वर केला. चॅनल मोजकेच आहेत, याचा अर्थ ती सार्वजनिक संपत्ती आहे, आणि तिच्या वाटपाचे धोरण ठरेपर्यंत कोणालाही आपल्या मर्जीने चॅनल घेता येणार नाही. तोपर्यंत सर्वांनी पहिल्याच चॅनलवर राहावे आणि गोंधळ टाळण्यासाठी त्यांच्या शिट्टीवर एकदमच फोटो काढावा. शिट्टी वाजली. सात बटणे दाबली गेली, सात छत्र्या पेटल्या, आणि शेजारच्या छत्रीच्या उजेडात आपलीच सून जास्त गोरी दिसते आहे हे व्याह्यांच्या लक्षात आले. ते खूश झाले. शेजारचे वरपिते झाले नाहीत. आमच्या खर्चाचा उजेड फुकट वापरता, म्हणून ते भांडायला आले. व्याह्यांनी उजेडावर कोणाचे नाव लिहिलेले नसते असे उत्तर दिले, आणि मग दोघांनी एकमेकांच्या कपड्यांबद्दलही मत दिले. अखेर पाळीपाळीने फोटो काढायचे ठरले. मामांच्या मंडळींची पाळी शेवटची लागली, कारण भांडणात त्यांचा वाटा सगळ्यात मोठा होता.

सूर्य उतरत होता. नवरा-नवरीने मधल्या वेळात धावत जाऊन सह्या केल्या. भाची रडली नाही. दुसरे साक्षीदार म्हणून व्याह्यांनीही सही केली, जरा ओळ सोडून, पण केली. राहिली फक्त मामांची. मामांचे नाव आधीच लिहिलेले असल्यामुळे दुसऱ्या कोणाला तिथे सही करता येत नव्हती, आणि मामा तर छत्रीही सोडू शकत नव्हते आणि जागाही.

नोंदणी अधिकाऱ्यांनी लांबून हाक मारली. मामांनी लांबूनच अडचण सांगितली आणि वही इकडे आणता येईल का, असे नम्रपणे विचारले. वही टेबलावरून उचलायची नाही असा अधिकाऱ्यांना नियम होता. एका नियमाचा आवाज ऐकून दुसरा नियम जागा झाला. शिट्टीसाहेब तरातरा टेबलाकडे गेले आणि वाकून त्याचे पाय मोजू लागले.

“हे चार पाय जमिनीला टेकलेत.”

“टेबल सरकारी आहे,” नोंदणी अधिकारी म्हणाले.

“बागही सरकारीच आहे. तीन पायांना मी नाही म्हणालो, मग चार पायांना हो कसं म्हणू? लोक उद्या मला विचारतील.”

लोक त्यांना काहीच विचारणार नव्हते, पण या वाक्यापुढे जगातले कोणतेही खाते हतबल होते. थोड्या चर्चेनंतर दोन शिपायांनी टेबल उचलून धरले, त्यांच्या गळ्यांत बिल्ले आले आणि बांधकाम नाहीसे झाले. मग मामांच्या मनात जे आले ते इतक्या वर्षांच्या नोकरीतही कधी आले नव्हते. उचललेले टेबल चालू शकते. त्यांनी ते ओरडून सांगितले. नोंदणी अधिकाऱ्यांनी आठवून पाहिले. टेबल हलवू नये असा नियम नव्हता, फक्त वही टेबलावरून हलवू नये असा होता. टेबल निघाले. मागे हात बांधून अधिकारी, पुढे शिपाई, मधोमध उघडी वही. हिरवळीवरून ती मिरवणूक थेट मामांच्या कोपरापाशी येऊन थांबली.

“करा सही,” अधिकारी म्हणाले. सूर्य अर्धा पाण्यात होता.

त्याच क्षणी मामांच्या मंडळींची पाळी आली.

इथे कोणावर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की मामांना वेळ होता. छत्री एका हाताने क्षणभर पेलता आली असती. वारा होता, छत्री कलली असती, एक फोटो वाया गेला असता, एवढेच. पेन खिशात होते. पण समोर भाची उभी होती, मागे सगळे आभाळ पेटले होते, आणि फोटोग्राफर कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणाला, “मामा, तुमच्यासारखा स्थिर हात मी आजवर पाहिला नाही. हलू नका.” फ्लॅश उडाला. मामांच्या हातातून निघालेल्या उजेडात भाचीच्या जागी बहिणीचा चेहरा दिसला आणि विझला. तो चेहरा त्यांना आणखी एकदा बघायचा होता.

“एक अजून,” फोटोग्राफर म्हणाला.

“एक अजून,” मामाही पुटपुटले.

दोन्ही शिपाई टेबल धरून, मान वळवून तेच बघत होते. नोंदणी अधिकारीही बघत होते, आणि नवरीने हनुवटी जरा वर करावी असे त्यांनी एकदा सुचवलेही. अजून एक, मग शेवटचा, मग खरोखरचा शेवटचा. मग अधिकाऱ्यांनी तळ्याकडे पाहिले, तिथे सूर्य नव्हता. त्यांनी वही मिटली. मामांनी आता छत्री टाकून दिली आणि पेन काढले, पण अधिकाऱ्यांचा नाइलाज होता. शिट्टीसाहेबांनी टाकलेल्या छत्रीबद्दल वेगळी शिट्टी वाजवली.

“नियमाने लग्न झालेलं नाही,” अधिकारी मामांना बाजूला घेऊन म्हणाले. “पुढची तारीख तीन महिन्यांनी.” मग आवाज आणखी खाली आणून त्यांनी तो मधला फोटो मिळेल का असे विचारले, हनुवटी वर असलेला.

मामा बागेबाहेरच्या मंडपात गेले. पाहुणे जेवत होते. मामांनी ताटांच्या रांगेपुढे उभे राहून सरळ सांगितले की मंडळी, सही राहिली, लग्न झालेले नाही. पाहुण्यांनी माना वर केल्या, हातातल्या फोनवर नुकताच आलेला फोटो पाहिला आणि हसून पुन्हा जेवू लागले. व्याही मामांना खांद्याला धरून कोपऱ्यात घेऊन गेले.

“अहो, फोटो गावभर गेलाय. तीनशे लोकांनी आशीर्वाद दिलेत. आता झालं नाही म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं?”

भाचीपाशी जाऊन मामांनी तिची माफी मागितली. माझ्या हातून सही राहिली, म्हणाले. तिने त्यांच्या हाताला धरले. “मामा, तुझ्या हातामुळेच तर फोटो झाला,” ती अगदी मायेने म्हणाली.

घरमालकीणबाईंसमोर काय सांगायचे याची जुळवाजुळव करत दुसऱ्या दिवशी मामा स्वतः जोडप्याबरोबर गेले. बाईंनी दार उघडले, किल्ली पुढे केली आणि दाखल्याचे नावही काढले नाही. फोटो त्यांनी आधीच पाहिला होता. इतक्या उजेडात उभे राहून कोणी खोटे बोलत नाही, असे त्यांचे तत्त्व होते. त्यांनी फक्त फोटोग्राफरचा नंबर मागितला. मामांना सुटल्यासारखेही वाटले आणि आपल्याला कोणीतरी जगातून वगळल्यासारखेही वाटले.

तीन महिन्यांनी तारीख आली. या वेळी नोंदणी कचेरीत, भर दुपारी होती, बाग नाही, छत्री नाही, बिल्ला नाही. मामा पेन घेऊन तयार होते. सकाळीच भाचीचा फोन आला. कचेरीत ट्यूबलाइट आहेत, तिथे फोटो हिरवट येतात असे फोटोग्राफरचे म्हणणे पडले, तेव्हा पुढची तारीख घेऊ या का? जावयानेही मागून होकार दिला. सही काय, कधीही होईल. मामांनी पेनाला टोपण लावले.

ही हकीकत मामा पुढे बऱ्याच जणांना सांगत. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, दवाखान्यात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांना. आपली भाची अजून कायद्याने अविवाहित आहे, सांगताना त्यांचा जीव तुटत असे, आणि कोणीतरी एकदा विचारावे, मग पुढे लग्न लागले का हो, एवढीच त्यांची इच्छा असे. सगळे शेवटपर्यंत मन लावून ऐकत. आणि ऐकून झाल्यावर जवळ सरकून प्रत्येक जण तेच विचारी, जे आता तुमच्याही ओठांवर आले आहे. मामा मग मुकाट्याने फोन काढत.

या, असे इकडून बघा. उजेड पडतो स्क्रीनवर.