पाण्याविषयी दोन मतं

मी शेफील्डच्या एका विद्यापीठात प्रवेश विभागात कारकून. परदेशी मुलांचं इंग्रजी पुरेसं आहे की नाही हे बघण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. परीक्षेत भरघोस गुण घेऊन येतात ती मुलं खरी, आणि आमच्याकडेच उन्हाळ्यात भाषेचा वर्ग करून आत येतात ती मागच्या दारानं घुसलेली, हे माझं ठाम मत. (मत ठाम असायला माहिती लागत नाही.)

वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायचं ठरलं, तेव्हा मी तेमिरलानला निवडलं. कझाकस्तानचा, इंग्रजीत जवळपास पैकीच्या पैकी. माझ्या बायकोनं, ग्लेनिसनं, लिन्हला आणलं. ती व्हिएतनामची, वर्गवाली. घराला आग लागली तरी हिला सांगता येणार नाही, असं मी ग्लेनिसला बजावलं.

रविवारी दुपारी आंघोळीसाठी टबाचा नळ सोडून मी खाली रेडिओवर क्रिकेट ऐकत बसलो. ग्लेनिस टेबलापाशी भाजलेलं मटण कापत होती. इतक्यात तेमिरलान जिना उतरून अदबीनं समोर उभा राहिला.

"मिस्टर ऑग्डन, घरातल्या पाण्याविषयी दोन मतं आढळतात. काहींच्या मते पाण्यानं टबातच राहावं."

काय वाक्य होतं! थेट परीक्षेच्या निबंधातलं! मी कौतुकानं विचारलं, "आणि इतरांच्या मते?"

तो दुसरं मत मांडणार, तोच लिन्ह धावत आली. "बाई, बाजूला. छत," म्हणत तिनं ग्लेनिसला दंडाला धरून ओढलं आणि छताचा भलामोठा तुकडा धाडकन मटणावर कोसळला.

मी वर पळालो. नळ फिरवला, तर मूठच हातात आली. (आदल्या आठवड्यात ती मीच बसवली होती.) प्लंबरला फोन लावला. "ते... वरचं... खाली... मटण..."

पलीकडचा माणूस म्हणाला, "काका, घरात इंग्रजी येणारं कोणी आहे का?"

ग्लेनिसनं फोन काढून घेतला आणि लिन्हला दिला. लिन्ह दोन वाक्यं बोलली, त्याचं ऐकलं, जिन्याखालच्या कपाटात शिरली आणि घराचं पाणी बंद करून आली.

तासाभरात प्लंबर आला. लिन्हशी भराभर बोलला, तेमिरलानकडे बघून हसला. मग माझ्याकडे वळून, हातवारे करत, एकेक शब्द सुटा करून मोठ्यानं म्हणाला,

"तुम्ही. इथं. बसा. घाबरू. नका."