डावी चप्पल आणि शेषराव नाना

आमच्या कुंभार पिंपळगावात कुणी एकाच पायात चप्पल घालून निघाला, तर त्याला वेड लागलंय असं कुणी समजत नसे. लोक एवढंच विचारत, "आज कोणत्या लाईनीवर काम निघालं?" त्याची डावी चप्पल शेषराव नानांकडं जमा आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

नाना सबस्टेशनचे ऑपरेटर. गावची लाईट चालू-बंद करायचं काम त्यांच्याकडं. लाईनमन खांबावर चढण्याआधी नानांकडून लाईन बंद करून घ्यायचा, खाली उतरला की येऊन सांगायचा, मग नाना ती चालू करायचे. वीज बोर्डाच्या काळात यात काही अडचण नव्हती. जुन्या लाईनमनना नाना नुसत्या खोकल्यावरून ओळखत.

मग बोर्डाची वाटणी झाली, भावकीत होते तशीच. वीज एका कंपनीनं तयार करायची, दुसरीनं वाहायची, तिसरीनं वाटायची. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर वाटायला फारसं उरत नसे, ही गोष्ट वेगळी. जुने लाईनमन एकेक करून रिटायर झाले आणि त्यांच्या जागी ठेकेदाराची माणसं आली, आज एक तर उद्या दुसरा. "काम झालं, चालू करा," हा निरोपही फोनवर यायला लागला. नानांच्या जिवाला घोर लागला तो तेव्हापासून.

"फोनवर आवाज कुणाचा बी येतो, भाऊ," ते मला म्हणत. "चप्पल न्यायला मातर मानसाला सोता यावं लागतं." साहेबांनी सांगितलं, कागदावर सही घ्या. नाना सही घेत आणि वर डावी चप्पलही ठेवून घेत; ती न्यायला माणूस आला की मगच लाईन चालू.

नानांच्या घरीही तीच तऱ्हा. काकू सांगत, "बल्ब बदलायचा म्हन्लं तरी सगळ्यायला अंगणात उभं करून हजेरी घेत्यात."

माझी पिठाची गिरणी. एका बाजाराच्या दिवशी सकाळीच लाईट गेली. गफार नावाचा ठेकेदाराचा माणूस डावी चप्पल नानांकडं ठेवून पिंपळाजवळच्या खांबावर चढला होता. दुपार झाली तरी लाईट येईना. गिरणीपुढं डबे आणि गोण्या रस्त्यापर्यंत आल्या, बायका माझा उद्धार करायला लागल्या. मी तणतणत सबस्टेशनवर गेलो.

तिथं अर्धा गाव जमला होता. नाना खाली मान घालून मांडीवर काहीतरी घेऊन बसले होते. फोन वाजला. साहेब होते, ठेकेदार म्हणतोय काम झालं, लाईन चालू करा.

"साहेब, लाईन तुमची, गाव बी तुमचं," नाना म्हणाले. "पन चप्पल हितंच हाय. मानूस वर असंल तर?" पलीकडून साहेबांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. नोकरीपर्यंत गोष्ट गेली. नानांनी फोन ठेवला. मी भांडायला गेलेलो, पण नानांकडून नंबर घेऊन गफारलाच फोन लावला.

गफारचा फोन बंद. मी गाडी काढली. खांबाजवळ पोचलो, तर वर बघायचा धीर होईना. शेवटी बघितलं. वर कुणी नव्हतं, खालीही नव्हतं.

गफार सापडला बाजारात, भज्यांच्या गाड्यावर, पायात नवी कोरी जोडी घालून.

"अरे भाऊ, ती तर तुटेली होती," तो म्हणाला. "अंगठाच निघेल होता. तिला न्यायला कशाला जायचं? ठेकेदाराला फोन केल्ता ना मी."

मी त्याला मागं बसवून आणला. वाटलं, आता नाना याला फोडून काढणार. नाना उठले, त्याच्याकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि त्याचं मनगट धरलं.

"उतरला?"

"उतरलो, नाना."

"वर कोनी ऱ्हायलं न्हाई?"

"येकलाच होतो मी."

नानांनी मांडीवरची ती तुटकी चप्पल पुढं केली. तिचा अंगठा फ्यूजच्या तारेनं पक्का शिवला होता. "घाल," ते म्हणाले. गफारनं नवी काढून ती घातली, तेव्हाच नाना आत गेले. गावात लाईट आली, माझी गिरणी धडधडायला लागली.

पुढं ठेकेदार बदलला आणि गफार तिकडं टेंभुर्णीला कामाला गेला. त्यानंतर एका संध्याकाळी ड्यूटी संपवून नाना गिरणीत आले. गोणीवर टेकले आणि जरा लाजतच माझा मोबाईल मागितला; सबस्टेशनचा फोन कामापुरताच वापरायचा, हा त्यांचा नेम. गफारचा नंबर त्यांना पाठ होता.

"उतरला का?" एवढंच त्यांनी विचारलं. पलीकडचं ऐकलं, "बरं," म्हणाले आणि मोबाईल परत दिला. दुसऱ्या दिवशीही आले. मग रोजच यायला लागले.

एकदा मी त्यांना छेडलं, "काय नाना, फोनवर तर आवाज कुणाचा बी येतो ना?"

नाना टोपीवरचं पीठ झटकत उठले. "ह्याचा वळखू येतो आता," ते म्हणाले.