चिचुंद्रीपुढचा उणे पाच

मुलांनो, एका जंगलात एक वाघ राज्य करत होता. सिंह का नाही, असं विचारू नका. सिंह तेव्हा दुसऱ्या गोष्टीत अडकला होता.

जंगलातून एक ओढा जायचा आणि ओढ्याच्या वर एक टेकडी होती. टेकडी महाराजांची. धोका जाहीर झाला तरच प्रजेला वर जाता यायचं. एरवी वाटेवर रानकुत्र्यांचा पहारा.

धोका कोण जाहीर करणार? साळिंदरपंत. ते लांबच्या रानात गणित शिकून आले होते आणि स्वतःच्याच काट्याने खडकावर लिहायचे.

"महाराज, सगळ्यांचं बोलणं सारखंच धरलं तर गोंधळ होतो," पंत म्हणाले. "म्हणून प्रत्येकाच्या बोलण्यापुढे मी एक आकडा लावणार. त्याला सहगुणक म्हणतात. कुणाचं बोलणं किती धरायचं, ते तो सांगतो."

रोज संध्याकाळी तिघांना विचारायचं ठरलं. टेकडीवर महाराज, रानात हत्ती आणि ओढ्याकाठी चिचुंद्री. 'धोका आहे' म्हटलं तर अधिक दहा. 'ठीक आहे' म्हटलं तर उणे दहा. त्याला सहगुणकाने गुणायचं आणि तिन्हींची बेरीज करायची. बेरीज शून्याच्या वर गेली की धोका.

महाराजांना दोन मिळाले, कारण ते महाराज. हत्तीला एक. चिचुंद्रीला उणे पाच.

"पाच? माझ्याहून जास्त?" महाराज गुरगुरले.

"पण उणे आहे, महाराज. गेल्या वर्षी ती उठसूट 'पूर, पूर' ओरडत होती आणि आला दुष्काळ. इतकं भरवशाचं चुकणं दुसऱ्या कुणाला जमत नाही."

महाराजांचं समाधान झालं. उणे म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. महाराजांनी असं काही विचारायचं नसतं.

एके दिवशी आभाळ अगदी स्वच्छ होतं. पण चिचुंद्रीच्या बिळाची जमीन खालून ओली झाली. वरच्या डोंगरात कुठेतरी पाणी कोसळलं होतं. बिळात तिची चार पिल्लं होती, डोळेसुद्धा धड न उघडलेली. चोरून टेकडीवर न्यावं, तर तिचा वास तिच्या आधी पहाऱ्यावर पोचायचा.

ती पंतांकडे धावली. "अहो पंत, पूर येतोय! धोका आहे, धोका!"

पंतांनी शांतपणे काटा चालवला. महाराज म्हणाले होते, ठीक. हत्ती म्हणाला होता, ठीक. दोघांचे मिळून उणे तीस. त्यात चिचुंद्रीचे उणे पन्नास.

"उणे ऐंशी," पंत खूश झाले. "बाई, इतकं सुरक्षित आपलं जंगल कधीच नव्हतं."

"अहो, माझी लेकरं बुडतील हो! अजून मोठ्यानं ओरडू का?"

"ओरडा की. जंगल आणखी सुरक्षित होईल."

चिचुंद्रीला रडू कोसळलं. मग ती रडता रडता थांबली. तिने डोळे पुसले, मिशा नीट केल्या आणि म्हणाली, "पंत, चुकलं माझं. सगळं ठीक आहे. इतकं ठीक मी जन्मात पाहिलं नाही."

पंतांनी आधीचं पुसून नवीन मांडलं. उणे पाच गुणिले उणे दहा, अधिक पन्नास. त्यातून तीस गेले. अधिक वीस.

पंतांच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. "धोका!" ते किंचाळले. "पळा!"

रानकुत्रे बाजूला झाले. सगळं जंगल टेकडीवर चढलं. चिचुंद्रीही चढली. तिच्या शेपटीला एक पिल्लू, त्याच्या शेपटीला दुसरं, अशी तिची सगळी रांग वर पोचली. आणि मागोमाग ओढा दोन्ही काठ घेऊन गेला.

पाणी ओसरल्यावर सत्कार झाला. पंतांचा. महाराजांनी त्यांना पळसाच्या पानांची शाल घालायचा प्रयत्न केला. ती काट्यांत अडकून फाटली, पण भावना पोचल्या.

"महाराज, पूर येणार हे मीच आधी सांगितलं होतं," चिचुंद्री हळूच म्हणाली.

पंतांनी खडकाकडे बोट केलं. "इथे तुमचं 'सगळं ठीक आहे' लिहिलंय. आणि आला पूर. म्हणजे बाई, तुम्ही पुन्हा चुकलात." त्यांनी तिचा सहगुणक उणे दहा केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चिचुंद्रीने टेकडीच्या पायथ्याशी नवं बीळ केलं. हल्ली संध्याकाळी वारा मंद असतो, ओढा कोरडा असतो. पंत विचारायला आले की ती दाराशी येते आणि छाती पिटून ओरडते, "धोका आहे हो! मेलो आपण!"

पंत लिहून घेतात आणि जंगल निवांत झोपतं.

"आई, खरंच धोका आहे?" धाकट्या पिल्लाने एकदा घाबरून विचारलं.

"नाही रे राजा. छान आहे सगळं."

"मग ओरडतेस कशाला?"

"ते त्यांनाही कळायला नको का?" ती म्हणाली आणि त्याच्या अंगावर पाला ओढला.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं, पण आधी आपल्यापुढे कोणता आकडा लावलाय ते बघून घ्यावं. तो उणे असेल, तर बिनदिक्कत खोटं बोलावं. लेकरं वाचतात, गणित बरोबर येतं, आणि शाल फाडायला पंत आहेतच.